मिठाची मूठ आणि लिलावाची बोली

लिलाव हा शब्द आपल्या भाषेंत इतका मुरलेला आहे कीं, तो परका असावा अशी शंकाही कोणास येत नाहीं. वस्तुतः तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला; त्यांच्या 'लेइलांव' या शब्दाचें हें मराठी रूप होय. त्याचा जोडीदार 'हर्राजी' हा अरबीमधून आला. डच प्रवासी लिन्सखोटेन हा १५८३ पासून कांहीं वर्षें गोव्यांत राहिला होता. त्याच्या १५९६ सालच्या प्रवासवृत्तांत गोव्याच्या हमरस्त्यावर रोज सकाळीं भरणाऱ्या या लिलावाचें सविस्तर वर्णन सांपडतें. तेथें अरबी घोडे विकले जात, मयतांची मालमत्ता विकली जाई, आणि गुलाम म्हणून धरून आणलेलीं माणसेंही विकलीं जात. शब्दाचा जन्म असा. तेव्हां त्याला पुढें जी अवकळा आली तिचें नवल वाटावयास नको.

इंग्रजी अमलांत या शब्दाला दवंडी आणि जप्ती अशा दोन बहिणी मिळाल्या. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल आणि जवाहीर लिलावांत निघालें, तेव्हां पैशाच्या हानीपेक्षां त्या हाकाटीनेंच लोकांचीं मनें अधिक पोळलीं. दख्खनच्या कुळवाड्याला तर हा अनुभव घरोघर आला. सावकाराचा हुकूमनामा, त्यामागून बेलिफ, आणि त्यामागून जमिनीचा लिलाव, ही सांखळी तोडण्यासाठींच १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा झाला व कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या. 'त्याच्या घरादाराचा लिलाव झाला' या वाक्यांत आजही मनुष्याचें सर्वस्व बुडाल्याचा अर्थ आहे. मग हीच क्रिया धर्मकार्याचें व लोकसेवेचें साधन कशी झाली, आणि मान घालविणारी बोली मान देणारी कशी ठरली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्याजोगा आहे.

त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या देवळांत सांपडतो. गोव्यांत व दक्षिण कोंकणांत देवास वाहिलेल्या वस्तूंची 'पावणी' होते. नारळ, केळीचा घड, फणस असा जिन्नस देवापुढें येतो, आणि तोच भक्तांमध्यें बोली लावून विकला जातो. बाजारांत जो नारळ थोडक्यांत मिळाला असता त्यासाठीं येथें कितीतरी पट अधिक मोजले जातात, आणि तरीही घेणारा फसला असें कोणी म्हणत नाहीं. जैन मंदिरांतील बोलीही याच जातीची. पर्युषणांत महावीरांच्या मातेस पडलेल्या चौदा स्वप्नांच्या पूजेचा मान कोणास मिळावा, हें तेथें बोलीनें ठरतें. आणि ती बोली रुपयांत न बोलतां तुपाच्या मणांत बोलण्याचा प्रघात पुष्कळ दिवस होता. मणाचा रुपयांतील दर आधींच ठरलेला असे. हिशेब रुपयांचाच, पण तोंडांत नांव देवाच्या दिव्याला लागणाऱ्या तुपाचें! या प्रघातांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बोललेली रक्कम न देणें हें केवळ देणें थकविणें नसून देवद्रव्याचा अपहार आहे, असें तेथें मानतात. आपल्या भाषेंत 'बोली' म्हणजे भाषा आणि 'बोली' म्हणजे लिलावांतला सवाल, हे दोन अर्थ एकाच शब्दांत नांदतात. देवळांतल्या बोलीनें त्यांत 'वचन' हा तिसरा अर्थ घातला.

हा धागा सार्वजनिक कार्यांत गुंफला गेला तो विसाव्या शतकांतल्या स्वराज्याच्या चळवळींत. त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे मिठाचा लिलाव. ६ एप्रिल १९३० रोजीं दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनीं मूठभर मीठ उचललें. त्या मिठाचा पुढें लिलाव झाला आणि डॉ. कानुगा यांनीं १,६०० रुपयांस तें घेतलें. ही रक्कम किती मोठी, हें पाहण्यासाठीं थोडें गणित करूं. मिठावरील कर त्या वेळीं मणास सव्वा रुपया होता. म्हणजे त्या एका चिमटीसाठीं दिलेल्या पैशांत १,२८० मण मिठाचा कर भागला असता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतील मागणी-पुरवठ्याच्या नियमानें ही किंमत समजत नाहीं, कारण समुद्रकांठीं मिठाला तोटा नव्हता. पण या चिमटीला दोन किंमती होत्या. एक मिठाची, आणि ती जवळजवळ शून्य. दुसरी, चारचौघांत उभें राहून 'मी या कायदेभंगांत सामील आहें' असें म्हणण्याची. गुप्त दान देणाऱ्यास कोणी पकडीत नाहीं. बेकायदा मीठ उघडपणें बोली लावून घेणारा मात्र साक्षीदारांसमक्ष सरकारचा अपराधी होत होता. १,६०० रुपये पडले ते या दुसऱ्या किंमतीचे.

मुंबईनें हा धडा तत्काळ गिरविला. अवंतिकाबाई गोखले व कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या स्त्रिया चौपाटीवर मीठ करूं लागल्या, काँग्रेस हाउसच्या गच्चीवर मिठाचे वाफे झाले, आणि कमलादेवी मिठाच्या पुड्या घेऊन थेट शेअरबाजारांत व हायकोर्टांत शिरल्या. जेथें दिवसभर नफ्यासाठीं बोली चाले, तेथें तोट्याची बोली लावावयास सांगणें यांत मोठें मर्म होतें. मे महिन्यांत वेंगुर्ले तालुक्यांतील शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, आणि वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईकरांच्या झुंडी लोटल्या.

दानाच्या लिलावाचें शास्त्रच म्हणावें असें पद्धतशीर रूप दिसतें तें हरिजन-यात्रेंत. ही यात्रा ७ नोव्हेंबर १९३३ रोजीं वर्ध्याहून निघाली, नऊ महिने चालली, आणि तींत सुमारें ८ लाख रुपये जमले. गांवोगांव मानपत्रें मिळत; तीं व त्यांचे चांदीचे करंडे सभेंतच लिलावास निघत. सहीसाठीं ५ रुपये पडत. त्या सभांत प्रत्येकास परवडेल असें कांहींतरी असे. श्रीमंतास करंडा, विद्यार्थ्यास सही, आणि ज्याच्यापाशीं एक पैसाच आहे त्याचा पैसाही तितक्याच आदरानें घेतला जाई. १९३४ च्या जानेवारींत केरळांतील वडकरा येथें कौमुदी नांवाच्या मुलीनें आपले सर्व दागिने उतरून दिले, तेव्हां पुन्हा नवे दागिने करावयाचे नाहींत, ही अट गांधीजींनीं तिला आधीं समजावून दिली. दान देणाऱ्यास क्षणिक उमाळ्यांत लुबाडावयाचें नाहीं, त्यास त्याच्या कृत्याचा पूर्ण अर्थ कळला पाहिजे, असा हा दंडक होता. शिवाय जमलेल्या पैशाचे आंकडे नियतकालिकांतून प्रसिद्ध होत. हाकाटी उघड, तर हिशेबही उघड!

आतां ज्या भूमीवर आज नवी मुंबई उभी आहे तिच्याकडे वळूं. ही भूमी मिठाचीच. बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यांत खाडीचें पाणी उघाडीतून आंत घेऊन, वाफ्यांत आटवून, पावसापूर्वीं मीठ ओढण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला. 'आगर' म्हणजे मिठागर, आणि त्यावरून आगरी ही जात ओळखली जाते. तिच्यांतील एका शाखेचें नांवच मीठ-आगरी असें आहे. दांडीच्या एका चिमटीस १,६०० रुपये मिळाले, पण भर उन्हांत अनवाणी मिठाच्या राशी ओढणाऱ्या आगऱ्याच्या मणभर मिठावर कोणी चढती बोली लावली नाहीं. त्याचा दर मालकानें व व्यापाऱ्यानें ठरविला, आणि वर सरकारनें कर बसविला.

पुढें १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गांवांची जमीन, शेतें व मिठागरें यांसह, नव्या नगरासाठीं संपादन करण्याचें ठरलें. त्या जमिनीचा मोबदला सरकारनें ठरविला. तेथें सवाल बोलण्यास कोणास बोलाविलें नव्हतें. तीच जमीन भूखंड पाडून विकतांना मात्र अधिकांत अधिक बोलणाऱ्यास देण्याची रीत पडली. घेतांना ठरीव दर आणि विकतांना चढती बोली, हा भेद ज्यांच्या डोळ्यांदेखत घडला त्यांच्या मनांतील धग १९८४ सालीं भडकली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या आंदोलनांत १६ व १७ जानेवारी रोजीं जासई परिसरांत गोळीबार झाला व पांच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना या लढ्यांतून निघाली. लिलावाचा प्रश्न हा मुळांत न्यायाचा प्रश्न आहे, याची इतकी जळजळीत साक्ष दुसरीकडे क्वचित् मिळेल.

याच नगरांत तुर्भ्याचा मोठा बाजार आहे. फळांच्या व्यापारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची चाल बराच काळ रूढ होती. शेजारीं उभ्या असलेल्यासही आंकडा कळत नसे, मग दूर गांवीं बसलेल्या बागाईतदाराची गोष्टच नको. दानाचा लिलाव हा या रुमालाच्या नेमका उलट आहे; त्याचें सारें बळ उघडेपणांत आहे. म्हणून आज वाशी-नेरुळच्या सभागृहांत एखादी संस्था रुग्णालयासाठीं वा शाळेसाठीं चित्रें, खेळाडूंच्या सहीच्या बॅटी असे जिन्नस लिलावास काढते, तेव्हां तिनें या जुन्या वहिवाटीकडे अवश्य पहावें. जिन्नस किंमतवान् असण्यापेक्षां त्याचा कार्याशीं कांहीं संबंध असावा. मोठ्या बोलीच्या गजरांत लहान देणगीदाराची मान खालीं जाऊं नये. बोललेली रक्कम वसूल होईपर्यंत ती जमली असें म्हणूं नये. आणि समारंभाचा खर्च वजा जातां कार्यास काय उरलें, तें बोलीइतक्याच मोठ्या आवाजांत सांगावें. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें हिशेबांची तपासणी सक्तीची केली आहेच. परंतु कायदा मागतो तो हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत जातो, आणि बोली लावणारा तर सभेंत बसलेला असतो.

यावर एक आक्षेप रास्तपणें घेतां येईल. उजव्या हातानें दिलेलें डाव्यास कळूं नये, असें जेथें थोर मानतात, तेथें हें दवंडी पिटून दिलेलें दान हीन नव्हे काय? हीन असूं शकेल; बोली लावणाऱ्यांत अहंकार असतो हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण अहंकार शेअरबाजारांतही असतो आणि लग्नाच्या मांडवांतही असतो. तेथें त्यापासून कोणाचें औषध होत नाहीं कीं कोणाची फी भरली जात नाहीं. पाहावयाचें तें इतकेंच कीं, त्या अहंकाराची किंमत ज्याची त्यानें आपल्या खिशांतून मोजली कीं दुसऱ्याच्या शेतांतून. दांडीच्या मिठाची किंमत घेणाऱ्यानें स्वतः मोजली होती. बेलापूर-उरणच्या मिठागरांची किंमत कोणी मोजली, हें त्या गांवांतील वृद्ध मनुष्यें अजून सांगूं शकतात.