सात शिखरांमधलं तळं



नांदेडचं हुजूर साहिब आपल्याला नवीन नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं माथा टेकून, लंगरात जेवून आल्या आहेत. काहींनी तिथल्या पोळ्याही लाटल्या असतील. पण त्या गुरुद्वाऱ्याचा संबंध हिमालयातल्या एका बर्फाळ तळ्याशी आहे, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. त्या तळ्याचं नाव हेमकुंड. गुरू गोविंदसिंगजींनी त्याची खूण सांगून ठेवली, ते स्वतः तिकडे गेल्याचं कुठं नोंदलेलं नाही, आणि ती जागा शोधायला त्यांच्या पश्चात सव्वादोनशे वर्षं लागली. आज ती गोष्ट सांगते.

आधी गुरूंचं आयुष्य थोडक्यात. जन्म 1666 साली पाटण्याला. वडील गुरू तेगबहादूर यांचा 1675 मध्ये दिल्लीत औरंगजेबाच्या हुकुमानं शिरच्छेद झाला, तेव्हा मुलगा अवघा नऊ वर्षांचा. त्या वयात गादी अंगावर आली. मोठेपणी शस्त्र चालवणं, शिकार, फारसी आणि ब्रज भाषेतलं काव्य, ध्यान हे सगळं एकाच माणसात नांदलं. 1699 च्या बैसाखीला आनंदपूरला त्यांनी खालसा पंथ उभा केला. इथपर्यंत शाळेच्या पुस्तकात असतं.

त्यांच्या नावावर 'बचित्तर नाटक' नावाची एक रचना आहे. नाव नाटक असलं तरी ती रंगमंचासाठी नाही, स्वतःची कथा आहे. त्यात ते मागच्या जन्माचं सांगतात. हेमकुंट नावाच्या पर्वतावर, जिथं सात शिखरं शोभतात, तिथं आपण घोर तप केलं. तिथं आपण आणि देव असे दोन उरलोच नव्हतो. देवानं पुन्हा जन्म घ्यायला सांगितलं तेव्हा यायची इच्छाही नव्हती. ठिकाणाची खूण म्हणून ते आणखी एक गोष्ट सांगतात. याच सप्तशृंगावर पूर्वी पांडुराजानं योगसाधना केली होती. बस्स. गाव नाही, नदी नाही, वाट नाही.

सप्तशृंग म्हटल्यावर आमच्या गटातल्या एका आजींनी लगेच विचारलं, "म्हणजे आपली वणीची देवी का गं?" प्रश्न बरोबर होता. नाव तेच आहे. पण पांडुराजा आला की वाट हिमालयाकडे वळते. महाभारतात पांडू कुंती आणि माद्रीला घेऊन राज्य सोडून जातो तो गंधमादनाच्याही पलीकडे, शतशृंग पर्वतावर. पाची पांडव तिथंच जन्मले. तिथं शंभर शिखरं म्हटलीत, इथं सात. शोधणाऱ्यांनी हा फरक मनावर घेतला नाही, आणि त्यांनी तो घेतला असता तर शोध सुरूच झाला नसता.

आता फरारीपणाची वर्षं. 1704 च्या डिसेंबरात आनंदपूरला वेढा पडला होता. आतलं धान्य संपलं होतं. सुरक्षित जाऊ देऊ, अशा शपथा बाहेरून पोचल्या आणि गुरूंनी किल्ला सोडला. शपथा पाळल्या गेल्या नाहीत. ऐन थंडीत सरसा नदीला पूर आलेला, मागून हल्ला, आणि त्या पाण्यात कुटुंबाची ताटातूट झाली. म्हातारी आई माता गुजरी आणि दोन धाकटे नातू एकीकडे गेले, गुरू आणि दोन थोरले मुलगे दुसरीकडे. चमकौरच्या मातीच्या गढीत मूठभर माणसांनी लढाई दिली. त्यात अजितसिंग आणि जुझारसिंग पडले. एक अठराच्या आसपासचा, दुसरा चौदाच्या. धाकटे दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, दहा वर्षांच्याही आतले. सरहिंदच्या नवाब वजीरखानानं त्यांना भिंतीत चिणायची शिक्षा दिली. आजीनं तिथल्या थंड बुरुजातच प्राण सोडला.

हा भाग पुस्तकात तीन ओळींत संपतो. मला तो कधी तीन ओळींचा वाटला नाही. आठवड्याभरात चार मुलं आणि आई गेलेला माणूस पायी, काटेरी माछीवाड्याच्या जंगलातून एकटा चालत होता. तिथं नबीखान आणि गनीखान या दोन पठाण भावांनी त्यांना निळे कपडे घालून, उच्चचे पीर म्हणून पालखीत बसवून वेढ्यातून बाहेर काढलं. मारणारेही मुसलमान होते आणि वाचवणारेही, हे शीख परंपरा स्वतःच अभिमानानं सांगते.

याच काळात दीना गावातून त्यांनी औरंगजेबाला फारसी काव्यात पत्र लिहिलं, जफरनामा. कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ तुझ्या माणसांनी मोडली, हा त्याचा सूर. रडगाणं नाही, दयेची याचना नाही. ते पत्र घेऊन भाई दयासिंग आपल्या दख्खनमध्ये आले, कारण बादशहाचा मुक्काम अहमदनगरला होता. औरंगजेब 1707 मध्ये तिथंच मेला.

आणि माई भागो. तिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आनंदपूरच्या वेढ्यात उपाशी राहून कंटाळलेले चाळीस जण "तुम्ही आमचे गुरू नाही, आम्ही तुमचे शिष्य नाही" असं लिहून देऊन घरी परतले होते. भागोनं त्यांना असं काही सुनावलं की ते पुन्हा हत्यार घेऊन निघाले, आणि पुढं ती स्वतः पुरुषी वेशात होती. खिदराण्याच्या तळ्यापाशी ते चाळीसही लढून मेले. गुरूंनी त्यांचं ते लिहून दिलेलं कागद फाडून टाकलं. त्या जागेला आज मुक्तसर म्हणतात. भागो जखमी होऊन वाचली, गुरूंच्या अंगरक्षकांत राहिली आणि त्यांच्याबरोबर थेट नांदेडपर्यंत आली. गुरूंच्या मागे ती बिदरजवळ जनवाड्याला राहिली आणि तिथंच वारली. हुजूर साहिबच्या आवारात तिच्या नावाचा बुंगा आहे. पुढच्या वेळी गेलात तर आवर्जून पाहा. माता साहिब कौर यांचा गुरुद्वाराही नांदेडलाच आहे. त्यांनी तिथं लंगर चालवला असं सांगतात. म्हणजे हा इतिहास आपल्या गोदावरीच्या काठावर बायकांनीही घडवला आहे.

गुरू 1708 मध्ये बहादूरशहाच्या छावणीबरोबर नांदेडला पोचले. इथं माधोदास बैरागी भेटला आणि त्याचा बंदासिंग झाला. इथंच वजीरखानानं पाठवलेल्या पठाणानं गुरूंवर खंजिरानं वार केला, असं परंपरा मानते, आणि 7 ऑक्टोबर 1708 ला त्यांनी देह ठेवला. यापुढे ग्रंथ हाच गुरू, हे त्यांनी इथंच सांगितलं.

नांदेडची परंपरा आणखी एक कथा सांगते. गुरूंनी नगिना घाटावरून बाण सोडला आणि म्हणाले, हा जिथं पडेल तिथं माझं सत्ययुगातलं तपाचं ठिकाण आहे. बाण पडला तिथं खणलं, तर जुन्या खडावा, कमंडलू, माळ अशा तपाच्या वस्तू निघाल्या. ही श्रद्धेची कथा आहे, इतिहासाच्या तागडीत तोलायची नाही. पण माझं लक्ष वेधलं ते तिच्या आकारानं. एक तपस्थान बाण मारून सापडलं, दुसरं शब्दांतच राहिलं. घर, मुलं, किल्ला सगळं हरवलेला माणूस जाईल तिथं जुन्या जन्मीची जागा ओळखत होता, असं त्याच्या मागच्यांना वाटलं. मला ते समजतं. विस्थापित होऊन आमच्या गटात आलेल्या बायकाही नव्या गावात आधी ओळखीचं झाड, ओळखीचा देव शोधतात.

दुसऱ्या जागेचा शोध फार हळू झाला. पंडित तारासिंग नरोत्तम नावाचे निर्मला पंथाचे विद्वान एकोणिसाव्या शतकात बद्रीनाथच्या वाटेवर हिंडले आणि 1884 मध्ये छापलेल्या आपल्या तीर्थांच्या ग्रंथात त्यांनी हेमकुंडाची नोंद केली. ग्रंथ कपाटात राहिला. मग अमृतसरचे लेखक भाई वीरसिंग यांनी गुरूंच्या चरित्रात त्या तपाचं वर्णन केलं, आणि ते वाचून एक माणूस उठला.

त्याचं नाव संत सोहनसिंग. सैन्यात ग्रंथी होते, निवृत्तीनंतर टिहरीला गुरुद्वाऱ्यात सेवा करत. आपल्या गुरूची जागा याच डोंगरांत कुठेतरी असेल आणि आपण तिच्या एवढ्या जवळ राहतो, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. पहिल्या वर्षी हात हलवत परत आले. 1934 मध्ये पांडुकेश्वरला पोचले. नावातच पांडू. तिथं त्यांना गावची माणसं वर लोकपाल नावाच्या तळ्यात स्नानाला जाताना दिसली. सोहनसिंग त्यांच्या मागोमाग चढले. वर सात शिखरांच्या कुशीत स्वच्छ तळं, काठाला बर्फ. आपण शोधत होतो ते हेच, असं त्यांच्या मनानं घेतलं.

इथं मी जरा थांबते. 'गुप्त' जागा म्हणजे कुणापासून गुप्त? पांडुकेश्वर आणि भ्युंडारच्या लोकांना ते तळं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांच्यासाठी ते लोकपाल, लक्ष्मणाच्या तपाची जागा, काठावर लहानसं देऊळ. त्याच खोऱ्यात 1931 साली फ्रँक स्मिथ हा इंग्रज गिर्यारोहक उतरला आणि त्यानं फुलांची दरी 'शोधली', असं आजही लिहितात. भ्युंडारचे लोक तिथं त्याआधीपासून शेरडं-मेंढरं चारत होते. सोहनसिंगांचं मला आवडतं ते हे, की ते गावकऱ्यांच्या मागे चालले. कुणाच्या वाटेनं गेलो हे त्यांनी झाकलं नाही. लक्ष्मणाचं देऊळही आज गुरुद्वाऱ्याशेजारी आहे.

त्यांच्याबरोबर आले हवालदार मोदनसिंग, सैन्यातून निवृत्त. दोघं संस्थांकडे गेले, पण आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी भाई वीरसिंगांनाच पटलं. त्यांनी 2,100 रुपये दिले. बचत गटाचा हिशोब ठेवणारी बाई म्हणून हा आकडा माझ्या डोक्यात राहिला. त्यातून दगड, लाकूड, पत्रा, मजुरी, आणि हे सगळं 14 हजार फुटांच्या वर पाठीवरून न्यायचं, तेही वर्षातले जेमतेम चार महिने, कारण बाकी काळ बर्फ. पांडुकेश्वरचे स्थानिक ठेकेदार हातभाराला होते. 1936 मध्ये दहा फूट बाय दहा फूट अशी एक खोली तळ्याकाठी उभी राहिली. आपल्या गटाच्या बैठकीची खोली त्याहून मोठी असेल. पुढच्या वर्षी तिथं ग्रंथसाहिब ठेवले.

सोहनसिंग 1939 मध्ये गेले. जाताना काम मोदनसिंगांवर सोपवलं. खाली घांघरियाला राहायला छप्पर नव्हतं. मोदनसिंग एका मोठ्या झाडाच्या ढोलीत राहिले असं सांगतात, आणि येणाऱ्या यात्रेकरूंना वाट दाखवत. एकदोन हंगाम नव्हे, तर 1960 मध्ये मरेपर्यंत त्यांनी हेच केलं. जाण्याआधी त्यांनी सात जणांचा विश्वस्त मंडळ नेमला, म्हणजे काम एका माणसाच्या खांद्यावर राहू नये. आज दिसतो तो मोठा, ताऱ्याच्या आकाराचा, उतरत्या छपराचा गुरुद्वारा त्यानंतर बांधायला घेतला. बर्फाचा भार घसरून जावा म्हणून छप्पर तसं आहे.

सगळे शीख हेमकुंड मानतात असं नाही. 'बचित्तर नाटक' गुरूंनीच लिहिलं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि तीर्थाला जाऊन काय मिळतं, असं गुरूंचीच वाणी विचारते, असंही काही जण म्हणतात. हे मतभेद त्यांच्या घरातले आहेत. ऐकून घ्यावेत, बाहेरून निकाल देऊ नये. माझ्यापुरतं इतकंच, की सोहनसिंग आणि मोदनसिंग यांना पुराव्याची वाट पाहायची नव्हती. त्यांना सात शिखरं आणि पांडूचं नाव पुरलं.

जायचं असेल त्यांच्यासाठी: मे अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वाट उघडी असते. जोशीमठापुढं गोविंदघाट, तिथून चालत किंवा घोड्यावर घांघरिया. शेवटचे सहा किलोमीटर खडी चढण, आणि वर रात्री मुक्काम करू देत नाहीत, दुपारीच उतरायला लागायचं. दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय निघू नये, हवा विरळ आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी नांदेडला पहाटे जावं. गागरिया सिंग गोदावरीचं पाणी गागरीत भरून हुजूर साहिबला आणतात, रोज.