बूट, दाढी आणि उंच टोपी

खुशामत साऱ्या जगाची; पण तिला नाव द्यायची वेळ आली, की ज्याची त्याची भाषा हाताशी सापडेल ती वस्तू उचलते. आपण लोणी लावतो, नाहीतर समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. हाँगकाँगचा कँटोनीज माणूस मात्र सरळ बूट पुसतो. 'छात् हाय' म्हणजे शब्दशः बूट पुसणे. आणि त्याचा अर्थ? हे वाचताना कचेरीतला जो चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे आला ना, तोच! बुटांवर भागलं नाही तर 'थोक् ताय क्योक्', म्हणजे साहेबाचा भला थोरला पाय उचलून धरणे.

तरी बरं, हे नुसते पायच. सुंग राजवटीत प्रकरण दाढीपर्यंत गेलं होतं. खोउ च्वुन या प्रधानाच्या दाढीला जेवताना रस्सा लागला. हाताखालच्या तिंग वेइनं लगबगीनं उठून तो पुसला. प्रधान हसला आणि म्हणाला, राज्याच्या मंत्र्यानं वरिष्ठाची दाढी पुसायची असते होय? झालं! तिंग वेइनं ते हसू मनात ठेवलं. १०२० मध्ये प्रधानाचं पद गेलं आणि १०२३ मध्ये तो दूर लेइचौला, आजच्या क्वांगतुंग प्रांतात, हद्दपारीतच वारला. चिनी भाषेला मात्र एक वाक्प्रचार मिळाला. खुशामत नको असेल तर नाकारावी, हसू नये.

पण नाकारणं तरी कुठं सोपं आहे? चिनीत चढवून ठेवण्याला 'उंच टोपी घालणे' म्हणतात. छिंग काळातला एक विनोद आहे. बदलीवर निघालेला अधिकारी गुरुजींना म्हणाला, "शंभर टोप्या बरोबर घेतल्यात." गुरुजी संतापले. शिष्य म्हणाला, "टोपी न आवडणारे आपल्यासारखे जगात कितीसे असणार?" गुरुजी खूश. बाहेर येऊन शिष्य पुटपुटला, "नव्व्याण्णव उरल्या."

माझी स्वतःची टोपी स्वस्तातली आहे. हाँगकाँगच्या बाजारात विक्रेते कुठल्याही वयाच्या गिऱ्हाइकाला 'लेंग चाय', म्हणजे 'देखण्या पोरा', अशी हाक मारतात. माझं टक्कल पाहता एवढ्यावर मी दोन जुड्या जास्त घेईन. फक्त कान उघडे ठेवायला हवेत. कँटोनीजमध्ये सुरावर अर्थ ठरतो. 'लेंग'चा सूर जरा वर चढला, की त्याच शब्दाचा अर्थ होतो 'कालचं पोरटं'!

आपल्याकडे तरी वेगळं काय? 'वा, साहेब!' कुठल्या सुरात म्हटलं, यावरच सारं असतं.