कित्तूरची राणी आणि दत्तकाचा प्रश्न

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये अमरगोळ हे गाव आहे. चालुक्यकालीन देवालयामुळे ते इतिहासप्रेमींस परिचित आहे. तेथून धारवाड ओलांडून बेळगावच्या वाटेस लागले, म्हणजे कित्तूरचा भग्न किल्ला दृष्टीस पडतो. राणी चन्नम्मेच्या पराक्रमाची गाथा या मुलखात सर्वतोमुखी आहे; परंतु शस्त्र हाती घेण्यापूर्वी त्या राजवाड्यात तिचे जिणे किती अधांतरी होते, याचा विचार क्वचितच होतो.

काकतीची ही कन्या देसाई मल्लसर्जाची धाकटी राणी. पेशव्यांचा बंदिवास भोगलेला मल्लसर्ज १८१६ साली निवर्तला आणि थोरली राणी रुद्रम्मा हिचा पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज गादीवर आला. चन्नम्मा आता राजाची पत्नी उरली नाही, आणि राजाची जन्मदात्री तर ती नव्हतीच. तिचा अधिकार सावत्र मुलाच्या आदरावर अवलंबून राहिला. सप्टेंबर १८२४ मध्ये तोही निपुत्रिक वारला. दत्तक घेतलेला बालक शिवलिंगप्पा एवढाच आधार शिल्लक होता.

धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने नेमक्या त्या दत्तकविधानाविषयीच संशय घेतला आणि कित्तूरच्या खजिन्यावर पहारे बसविले. दत्तक नामंजूर झाला, तर संस्थान कंपनीचे होणार आणि वाड्यातील स्त्रियांनी परक्याच्या मर्जीवर दिवस कंठायचे, हे उघड होते. चन्नम्मेने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी झालेल्या चकमकीत थॅकरे ठार झाला. पण डिसेंबरात कंपनीने मोठ्या फौजेनिशी किल्ला जिंकला. राणीची रवानगी बैलहोंगलच्या कैदेत झाली. तेथेच १८२९ साली तिचा अंत झाला.

पुढे संगोळ्ळी रायण्णाने त्याच दत्तक बालकाच्या नावाने बंड उभारले आणि १८३१ साली खानापूरजवळच्या नंदगडास तो फासावर गेला. दत्तक नाकारण्याची हीच नीती १८४८ मध्ये सातारच्या गादीस भोवली, आणि १८५४ मध्ये झाशीच्या राणीस. लक्ष्मीबाईचे नाव घेताना आपण चन्नम्मेचेही स्मरण करावे, ते केवळ शौर्यासाठी नव्हे. राजवाड्यातील स्त्रीचे सारे स्थान पती, पुत्र वा दत्तक यांच्या नात्यावर तोललेले असे. ते शेवटचे नातेही सरकारी हुकुमाने तुटू लागले, तेव्हा या विधवेने ते निमूटपणे तुटू दिले नाही.