गप्पी: कामावर आणलेला मासा

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका बोटाच्या पेराएवढ्या माशाचा इतिहास. तो सुरू होतो भंडाऱ्यातल्या माझ्या घरच्या काचेच्या टाकीपासून.

मी दुकानातून तीन गप्पी आणल्या, तिन्ही माद्या. म्हटलं, नर नाही तर पिल्लांची कटकट नाही. महिन्याभरात टाकीत पिल्लंच पिल्लं! डोकं खाजवत बसलो, बग कुठंय? तर गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते. आणि एकदा नराशी संबंध आला की त्याचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. साधारण चार आठवड्यांनी एक वेत, एका वेताला वीस-तीस पिल्लं. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून मी लपायला भरपूर जावा मॉस टाकलं. तिथेच फसलो. सगळी जगली.

आता जरा मागे जाऊ. १८५९ मध्ये विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून या माशाची पहिली नोंद केली. पण नाव चिकटलं दुसऱ्याचंच. त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी या गृहस्थांनी लंडनच्या संग्रहालयात मासे पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या गुंथर यांनी त्यांचंच नाव दिलं. (म्हणजे गप्पी आणि गप्पांचा संबंध नाही. मला शाळेत असताना वाटायचा.)

हा मासा भारतात कसा आला? शोभेसाठी नाही. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. मग डास मारायचा तर पाण्यातच, अळी असतानाच गाठायचा, हे उघड झालं. १९०८-१० च्या सुमारास गप्पी इथे आणली गेली ती अळ्या खायला. १९२८ मध्ये इटलीहून तिचा चुलतभाऊ गॅम्बुसिया आला. आपला आरोग्य विभाग अजूनही गप्पी पैदास केंद्रं चालवतो. गप्पी पाळा आणि हिवताप टाळा, असं गावातल्या भिंतीवर तुम्हीही वाचलं असेल.

या कामासाठी गप्पी का? घाण पाण्यात तगते, कमी ऑक्सिजनवर जगते, भराभर वाढते. एक गाभण मादीसुद्धा नवी वस्ती उभी करू शकते. नेमक्या याच गुणांमुळे ती आज साठहून जास्त देशांत मोकळ्या पाण्यात पसरली आहे आणि तिथल्या मूळ माशांची अंडी-पिल्लं खाते.

माझी टाकी भरून वाहायला लागली तेव्हा आजी म्हणाली, "सोडून दे ना बापा तलावात, काहून मारतं त्याइले?"

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणले, धानाला पाणी मिळावं म्हणून. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. त्यात मासेमारी करणारा ढिवर समाज मात्र तिथेच राहिला. पुढे तलावांत बेशरम माजली, बाहेरचे मासे सोडले गेले, स्थानिक जाती कमी झाल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवरांच्या सोबतीनं बेशरम उपटून जुन्या पाणवनस्पती परत लावतंय, देशी मासे टिकावेत म्हणून. आणि तिथे मी बादलीभर गप्पी ओतू?

डासांसाठी गप्पीच हवी असंही नाही. गोव्यात नव्वदच्या दशकात हिवतापाविरुद्ध आपलाच एक देशी मासा वापरून पाहिला, ॲप्लोकाइलस, छोटासा, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा. सिमेंटच्या बंद टाक्यात गप्पी ठीक आहे. जिथून पाणी नाल्याला जातं तिथे नाही.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आणलेच काहून?" यावर उत्तर नव्हतं.

आता नर-मादी वेगळ्या टाक्यांत आहेत. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की रोज बघतो: पोटाखालचा पर टोकदार व्हायला लागला की तो नर, लगेच दुसरीकडे. जास्तीचे शेजारच्या काकांच्या सिमेंटच्या टाक्यात जातात. गेल्या रविवारी एक नर नजरेतून सुटला. म्हणजे महिन्याभरानं पुन्हा काकांचं दार वाजवायचंय.