अवरक्त निरीक्षणे : जवळच्या दीर्घिकांतील वृद्ध रूपविकारी ताऱ्यांची

आयुष्याच्या अखेरीस मध्यम वस्तुमानाचे तारे फुगून तांबडे राक्षसी होतात आणि शेकडो दिवसांच्या आवर्तकालाने स्पंदन पावतात; अशा तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. स्पंदनांमुळे बाह्य थरांतील वायू दूर फेकला जाऊन थंड होतो व त्यातून कार्बनाचे किंवा सिलिकेटांचे धूलिकण बनतात. धूळ दृश्य प्रकाश गिळून तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणूनच साध्या दुर्बिणीला न दिसणारा तारा अवरक्तात ठळक दिसतो.

स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने (२००३–२०२०) ३.६ व ४.५ मायक्रोमीटर तरंगलांबींवर जवळच्या दीर्घिका पुनःपुन्हा टिपल्या. मानसी कासलीवाल यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पिरिट्स’ सर्वेक्षण अशा निरीक्षणांपैकी महत्त्वाचे. त्यातील निरीक्षणांवरून विराज करंबेळकर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये २० दीर्घिकांमधील ४१७ ताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. सूचीतील सर्वांचा आवर्तकाल २५० दिवसांहून अधिक आहे. अर्थात सूचीचे खरे मोल आहे ते ५८ अतितेजस्वी ताऱ्यांत : नेहमीच्या राक्षसी ताऱ्यांच्या चौकटीत ते सहज बसत नाहीत.

अशा ताऱ्यांचा आवर्तकाल व तेजस्विता यांच्या परस्परसंबंधावरून दीर्घिकांचे अंतरही काढता येते.

दीर्घ आवर्तकालाच्या या रूपविकारी ताऱ्यांचा नमुना म्हणजे तिमिंगल तारकासमूहातील मिरा. हिवाळ्यातील संध्याकाळी हा समूह आकाशात असतो. सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रातील तेजोमहत्तमाच्या सुमारास मिरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, एरवी दुर्बीण लागते.