हंगामी कामावरील तरुणांची सुरक्षा : नियम आणि दक्षता

गोव्यात ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा, तर साधारणपणे मार्च ते मे हा काजूचा हंगाम. या काळात मोरजी, मांद्रे, हरमल येथील शॅक्स व उपाहारगृहांना, तसेच पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील काजू बागायती व भट्ट्यांना जादा मनुष्यबळ लागते. परीक्षा आटोपलेली मुले आणि परराज्यांतील तरुण ही गरज भागवतात. नव्या कामाच्या पहिल्या महिन्यात अपघाताचा धोका अधिक असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. हंगाम अल्प असल्याने नेमके याच काळात काम शिकवण्यास सवड मिळत नाही.

वय आणि कामाचे तास

बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा १९८६ चा असून २०१६ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत स्वतःच्या कुटुंबाला धोकादायक नसलेल्या कामात मदत करण्याची मुभा त्यांना आहे. १४ ते १८ वयोगटातील किशोरांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम देता येत नाही. डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

अन्य कामांत किशोरांसाठी विश्रांती व प्रतीक्षेसह दिवसाला कमाल ६ तासांची मर्यादा आहे. सलग ३ तासांनंतर किमान १ तास विश्रांती आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी बंधनकारक आहे. जादा तास काम घेता येत नाही. सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेतही त्यांना राबवता येत नाही. त्यामुळे शॅकमधील रात्रीच्या गर्दीत सोळा वर्षांच्या मुलाला उभे करणे हा नियमभंग ठरतो. कायद्यातील आस्थापनेच्या व्याख्येत उपाहारगृह आणि शेत या दोहोंचा समावेश आहे. बंदी मोडल्यास ६ महिने ते २ वर्षे कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बागायत, भट्टी आणि स्वयंपाकघर

काजू वेचताना पालापाचोळ्यातील सापांपासून सावध राहावे. बूट, लांब बाह्यांचे कपडे व काठी वापरावी. २०१५ पासून सत्तरीत आणि त्यानंतर डिचोलीलगतच्या दोडामार्ग तालुक्यात गोचिडांद्वारे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले. बागेतून परतल्यावर कपडे बदलून आंघोळ करावी. ताप आल्यास डॉक्टरांना बागेत गेल्याचे सांगावे. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून बिया फोडताना हातमोजे आवश्यक असतात.

बोंडू पिळणाऱ्या विजेच्या यंत्रात अडकलेला चोथा यंत्र बंद करूनच काढावा. हुर्राक व फेणीची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून भट्टीजवळचे काम अनुभवी प्रौढांनीच करावे. शॅकच्या स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर, उकळते तेल आणि ओली जमीन यांपासून धोका असतो. भाजल्यास जखमेवर सुमारे २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट लावू नये.

मालक व पालकांसाठी

कामावर घेण्यापूर्वी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला तपासावा. पहिले काही दिवस नवख्याला जाणत्या कामगारासोबत ठेवावे आणि धोकादायक वाटणारे काम नाकारण्याची मोकळीक द्यावी. पालकांनी कामाचे ठिकाण, वेळ व मालकाचा संपर्क क्रमांक जवळ ठेवावा. बालकामगारांविषयीची तक्रार १०९८ या हेल्पलाइनवर करता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८, तर अन्य आणीबाणीत ११२ क्रमांक आहे.