सर्पराज झोहाक

सन 1859 मध्ये मार्टिन हौग हे जर्मन पंडित संस्कृतचे अध्यापन करण्यासाठी पुण्यास आले. पारशी धर्मग्रंथांवरील त्यांचे निबंध 1862 मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. वेद आणि अवेस्ता यांतील समान नावे त्यांनी तेथे एकत्र मांडली. अवेस्तातील थ्रएतओन आणि वेदांतील त्रित व त्रैतन ही त्यांपैकीच होत. या नावांमागे एका सर्पाच्या वधाची कथा आहे.

अवेस्तात त्या सर्पाला अझि दहाक म्हटले आहे. वेदांतील 'अहि' तोच इराणचा 'अझि'. त्याला तीन मुखे, तीन मस्तके व सहा नेत्र. आथ्व्य कुळातील थ्रएतओनाने त्याला मारिले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही त्रित आप्त्य हा त्वष्ट्याच्या तीन मस्तकांच्या पुत्राचा वध करितो. पुढे भारतात अहिवधाचे सारे श्रेय इंद्राकडे गेले आणि त्रित मागे पडला. इराणात मात्र सर्पच पालटला: तो मनुष्य झाला आणि सिंहासनावर बसला.

फिर्दौसीने सुमारे 1010 मध्ये पूर्ण केलेल्या 'शाहनाम्या'त हा राजा झोहाक नावाने येतो. सैतानाने खांद्यांचे चुंबन घेताच तेथून दोन काळे सर्प उगवले. त्यांना रोज दोन माणसांचे मेंदू लागत. दोन सज्जन आचारी बनून राजवाड्यात शिरले. एकाऐवजी मेंढीचा मेंदू घालून ते रोज एक जीव वाचवीत.

अखेर राजाला धास्ती वाटू लागली. आपण न्यायीच आहोत, अशी साक्ष त्याने सरदारांकडून लिहून घेतली. त्याच वेळी कावे लोहार आपला शेवटचा पुत्र मागण्यास दरबारात आला. पुत्र मिळाला, परंतु साक्षपत्रावर सही करण्यास सांगताच त्याने ते टराटरा फाडिले. बाहेर येऊन आपले चामडी वस्त्र त्याने भाल्याच्या टोकास लाविले. तेच इराणचे राजनिशाण झाले. फरिदून, म्हणजे प्राचीन थ्रएतओन, राजा झाला आणि त्याने झोहाकास दमावंद पर्वतात जखडिले.

त्याला ठार का केले नाही? देह चिरल्यास त्यातून विषारी जीव निघून पृथ्वी भरून जाईल, असे पहलवी परंपरा सांगते. युगान्ती तो बंध तोडील आणि वीर केरेसास्प त्याला मारील. वेदांतील अहि मेला, तेथे कथा संपली. इराणचा अझि जिवंत आहे. म्हणून पहारा संपलेला नाही. जुलमाला भुकेइतकीच सह्यांचीही गरज असते, हे त्या लोहाराने ओळखले होते.